अठरा पूर्ण

चूक माझीच.
यादीत जन्मतारीख होती, दुसरी तारीख नव्हती,
आणि मी बटण दाबलं.
शिकुतिमीत त्या आठवड्यात उणे एकतीस.
तरी टपालवाल्याने ते पत्र पोचवलं
साँत-रोझच्या शेवटच्या घरी:

"प्रिय लोइक,
तुम्हाला अठरा वर्षं पूर्ण झाली. अभिनंदन.
तुम्ही नऊ वर्षांचे असताना तुमच्या आईने
आमच्या जैवपेढीत तुमचे नमुने ठेवले होते.
ते राहू द्यायचे की नष्ट करायचे,
हा निर्णय आता सर्वस्वी तुमचा."

सोमवारी त्याची आई आली. सोलांज.
टोपी काढली नाही, बसली नाही.
घड्या पडलेलं पत्र टेबलावर सपाट करत म्हणाली,
अकराव्या वर्षी गेला तो.

चुकीला जेवढे शब्द असतात तेवढे सगळे मी वापरले.

राहू दे, म्हणाली.
सात वर्षांत त्याच्या नावाने आलेलं
हे पहिलंच पत्र.

मग विचारलं:
किती उरलाय तो?

अशा प्रश्नाची आमच्याकडे सोय नाही.
लोक विचारतात तापमान किती, परवानगी कुणाची,
वीज गेली तर काय.
मी संगणकात पाहिलं. टाकी चार, कप्पा अकरा.
रक्ताच्या पाच नळ्या, पैकी दोन संपलेल्या.
आणि दंडावरून घेतलेला कातडीचा कण,
मसुराच्या डाळीएवढा,
त्यातून वाढवलेल्या पेशी, सहा नळ्या, नायट्रोजनमध्ये.

जिवंत?

झोपलेल्या, म्हणाले मी. ऊब दिली की पुन्हा वाढतात.
हे वाक्य मी शाळेच्या सहलींना सांगते.
तिच्यासमोर ते तोंडातून निसटलं
आणि परत घेता येईना.

बराच वेळ ती हातमोज्याचं बोट उलटसुलट करत राहिली.
मग भलतंच काहीतरी बोलू लागली:
आमच्याकडे फ्योर्ड गोठला की
माझा भाऊ बर्फाला भोक पाडून बसतो.
बहुतेक दिवस गळाला काही लागत नाही.
तरी झोपडी ओढत न्यायची, शेगडी पेटवायची,
भोक पुन्हा गोठू द्यायचं नाही.
लोइकला न्यायचो खुर्चीसकट, घसरगाडीवर बांधून.
पाय त्याचं ऐकायचे नाहीत, पण दोरी थरथरली
की सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं.

तुमच्या गळाला लागलं काही?

खोटं सोपं होतं.
औषध नाही, मी म्हणाले. आजाराला अजून नावही नाही,
दोन अक्षरं आणि एक आकडा आहे.
पण ओमानमध्ये एक मुलगी सापडली.
जनुकातलं तेच एक अक्षर, त्याच जागी चुकलेलं.
सहा वर्षं तिचे डॉक्टर चाचपडत होते.
लोइकच्या नळ्यांशी ताडून पाहिलं, तेव्हा कुठे खात्री पटली.
एकट्याच्या दुखण्याला लोक नशीब म्हणतात,
दोघांना झालं की तो आजार होतो,
मग त्यावर कुणीतरी कामाला बसतं.

चालते ती?
धरून धरून.
नाव काय तिचं?
आम्हालाही सांगत नाहीत. तिलाही याचं ठाऊक नाही.

तेव्हा पहिल्यांदा तिने टोपी काढली.
केस चिकटलेले, कानशिलं लाल.
अठराव्या वर्षी पोरं घराबाहेर पडतातच, म्हणाली,
कुणी लाकडाच्या गिरणीत, कुणी माँट्रियलला.
हा कामाला लागला म्हणायचं.

मी सांगणार होते की सहीची गरज नाही,
तिची जुनी परवानगी तशीच चालू राहते.
पण तिने पेन उचललं होतं.
"राहू द्यावेत" समोर खूण केली,
खाली सही केली, तिची नव्हे:
डावीकडे कललेली, मोठी मोठी अक्षरं,
दुसरीतल्या मुलाची असतात तशी, शेवटचं जरा घसरलेलं.
"सध्याचा पत्ता" या ओळीवर थांबली,
पडद्याकडे पाहिलं
आणि लिहिलं: टाकी चार, कप्पा अकरा.

नियमाने ती सही बाद.
संगणकानेही घेतली नाही, दोनदा.

पत्ता बदलल्याची नोंद मात्र मी केली.